मोजलं की पुसायचं

३ फेब्रुवारी

आज सात.

हा आकडा या वहीत लिहायची वेळ ऑफिसने आणली. पंधरा वर्षं दर जानेवारीत मला एक निळ्या पुठ्ठ्याची वही मिळायची. काठावरच्या अकरा खडकांवर सकाळी किती ठिकाणी पाणमांजरांची ताजी विष्ठा सापडली, ते मी तीत लिहायचे. यंदाच्या जानेवारीत वह्या बंद झाल्या आणि सगळं फोनवर आलं. फोनच्या फॉर्मात पक्ष्यांना रकाना आहे, कचऱ्याला आहे, चोरून वाळू उपसणाऱ्यांना आहे. पाणमांजरांना नाही. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "इतरमध्ये टाका." सोळा वर्षांचं काम माझं, आणि ते इतरमध्ये! तेव्हापासून आकडा माझ्या खासगी वहीत लिहिते, आधी तो आणि मग मनातलं जे काय असेल ते.

पद्धत जुनीच आहे. माझ्या आधीचे थोरले रक्षक निवृत्त होताना मला चौकीची किल्ली, एक खराटा आणि एक वाक्य देऊन गेले. "मोजलं की पुसायचं." जनावर रात्री खडकावर येऊन हजेरी लावून जातं. आपण सहाला जायचं, मोजायचं, बादलीने पाणी मारून खडक खराट्याने स्वच्छ करायचा. नाहीतर कालचं आज पुन्हा मोजलं जातं आणि कागदावर पाचाची पंधरा जनावरं होतात. या सोळा वर्षांत माझ्या नऊ सकाळी चुकल्या, आणि त्या कुठल्या तेही सांगू शकते.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. कोणी संशोधक बाई येणार, वीस दिवस पाहणी करणार. "सहकार्य करा. होडी आणि नावाडी तिच्या दिमतीला द्या."

होडी ऑफिसची आहे. नावाडी माझा नवरा आहे, हे साहेब विसरले असावेत.

४ फेब्रुवारी

आज सहा.

आली. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. पाठीवर भली मोठी पिशवी आणि कमरेच्या पट्ट्याला ओळीने लहान लहान झाकणाच्या डब्या. कॅमेरे येणार होते, पण त्यांची मंजुरी अडकली, म्हणून सगळी भिस्त डब्यांवर आहे म्हणे. मी तिचं नाव डबीवाली ठेवलं.

पायरीवर उभी राहून मला म्हणाली, "नमस्कार काकू." मी चव्वेचाळीसची आहे. मग वळून माझ्या नवऱ्याला म्हणाली, "दादा, होडी किती वाजता निघेल?" तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याला दादा आणि मला काकू! म्हणजे नवरा माझा पुतण्या झाला.

आणि तो हसला. नुसता नाही, दात दाखवून हसला.

मग ती म्हणाली, "काकू, तुमच्याशी जरा निवांत बोलायचं होतं."

"फॉर्म भरतेय," मी म्हटलं. फॉर्म सकाळीच भरून झाला होता.

६ फेब्रुवारी

आज सात.

डबीवालीचा दिवस नऊला उजाडतो. काठाने गेली, एकेका खडकावर वाकली, भिंग लावलं, फोटो काढले. मी खिडकीतून बघत होते. खडक लख्ख होते. आठच्या आत मीच लख्ख केले होते.

संध्याकाळी नावाडी म्हणाला, "तिला विष्ठा हवीय. डबीत भरून प्रयोगशाळेत पाठवणार. त्यावरून जनावरं किती, नर किती, माद्या किती, सगळं कळतं म्हणे. पण अजून एकही मिळाली नाही बिचारीला."

"मग लवकर उठावं माणसाने."

"तिची पहिली बसच साडेआठची आहे. तू सांग ना तिला. नाहीतर दोन खडक तरी तसेच ठेव."

"माझी सोळा वर्षांची पद्धत आहे. चार दिवसांच्या पाहुणीसाठी बदलू?"

'बिचारी' हा शब्द त्याने माझ्यासाठी शेवटचा कधी वापरला ते आठवत बसले, आठवलं नाही.

काखेत कळसा नि गावाला वळसा, तशी गत आहे तिची. एवढी शिकलेली, पण काठावर उभं आयुष्य काढलेल्या बाईला चार शब्द विचारावेत एवढंही सुचत नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. कदाचित.

९ फेब्रुवारी

आज पाच.

पाण्यावरून हसू ऐकू येतं, शब्द येत नाहीत. हे मला इतक्या वर्षांत आजच कळलं.

पलीकडचा काठ म्हणजे कारखान्याची उभी भिंत, तिथे जनावर चढत नाही. वरच्या बाजूला वाळूत ठसे आहेत ते कुत्र्यांचे. तरी रोज चार-चार तास होडी फिरते. कशासाठी? "पाण्याचे नमुने घेते," नावाडी म्हणाला. नदी इथून तिथून तीच, नमुने किती घ्यायचे?

आज त्याने लग्नाकार्याचा निळा शर्ट घातला होता. वल्ही मारायला! विचारलं तर म्हणाला, "रोजच्या शर्टाची दोन बटणं तुटलीत. आठ दिवस सांगतोय तुला." हो, सांगत होता. पण बहाणा कसा तयारच असतो बघा.

डबा चाटूनपुसून परत आला. "तिला तुझ्या हातचं फार आवडलं," म्हणाला.

"एवढ्या डब्या बाळगते, एखादीत स्वतःचं जेवण आण म्हणावं."

"अगं, दिवसभर आम्ही तुझंच बोलत असतो."

माझंच! सोन्यासारखी सकाळ, पाणी संथ, समोर पंचवीस-तीसची पोर, आणि हा तिला बायकोच्या गोष्टी सांगणार. मी काय दूधखुळी आहे?

१० फेब्रुवारी

आज सात. बटणं लावली नाहीत.

१२ फेब्रुवारी

आज सहा.

चौकीतल्या पेटीत पंधरा वह्या असतात. आज धूळ झटकायला उघडली तर चौदा. सातवी वही नाही. त्या वर्षी पूर आला होता आणि सतरा दिवस आकडा शून्याला टेकला होता, मग अठराव्या दिवशी दोन. ती वही मी अजून कधी कधी उघडून वाचते.

नावाड्याला विचारलं. मान खाली घालून म्हणाला, "मी नेली. तिला दाखवायला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. "माझी वही आणि माझा नवरा, दोन्ही तिलाच देऊन टाकते, घेऊन जा म्हणावं," एवढं मात्र बोलले, आणि ते लेकीनेही ऐकलं.

दुपारी वही परत आली, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून. "तिने उघडलीसुद्धा नाही," तो म्हणाला. म्हणजे तेवढीही किंमत नाही! तशीच पिशवीसकट पेटीत फेकली आणि कुलूप लावलं.

१५ फेब्रुवारी

आज सात, आणि एक गोष्ट जी मी कोणालाही सांगणार नाही.

वळणाजवळच्या जुन्या पडक्या पंपघराखाली एक मोरी आहे. गेले आठ दिवस मला शंका होती. आज पहाटे मादी मोरीतून बाहेर आली, मागे दोन पिल्लं. एक सरळ पाण्यात शिरलं. दुसरं काठावर बसून रडायला लागलं. मादीने मानेला धरून त्याला पाण्यात टाकलं आणि स्वतः बाजूने पोहत राहिली. मी बादली हातात धरून अर्धा तास उभी होते, हात भरून आला तरी खाली ठेवली नाही.

ही माझी. हिचा नमुना कोणी घेणार नाही.

लेकीला सुट्टी होती, तर तीही होडीतून गेली त्यांच्याबरोबर. परत आली ती तोंड भरून. "आई, तिला नुसत्या विष्ठेवरून सांगता येतं, मादी पिल्लांना पाजतेय का. मला तेच शिकायचंय."

अठरा वर्षांत या पोरीने एकदाही म्हटलं नाही की आई, मला तुझ्यासारखं व्हायचंय. मी मोजते तेव्हा तिला वास येतो. डबीवाली शोधते तेव्हा ते विज्ञान.

"सापडली का एकतरी?" मी विचारलं.

"नाही ना. तिला वाटतंय इथली पाणमांजरं संपली. रडवेली झाली होती गं."

मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वही खासगी आहे, इथे तरी खोटं कशाला? बरं वाटलं.

१८ फेब्रुवारी

सकाळी सहा. संध्याकाळी एक.

संध्याकाळी मी कधी खडकांवर जात नाही. आज होडीला दोर बांधून झाला, ती दोघं वर चौकीत चहाला गेली, आणि मी खाली बादली आणायला गेले. होडीपासून दहा पावलांवर, चौथ्या खडकावर ताजी ओली विष्ठा होती. भरदिवसा कोणी जनावर येऊन गेलं होतं. माशांचे खवले त्यात चमकत होते. ती दोघं अजून चहा पीत होती. हाक मारली असती तर धावत आली असती.

मी पुसली.

सकाळचं पुसणं ही पद्धत आहे. संध्याकाळच्या पुसण्याला काय म्हणायचं ते थोरल्या रक्षकांनी सांगितलेलं नाही.

२३ फेब्रुवारी

आज सात.

सुटले! पाहणी संपली. जाण्याआधी ती आमच्या दारात आली. मी न्हाणीघरात होते. म्हणजे तिची चाहूल लागल्यावर गेले, आणि नळ सोडून उभी राहिले. ती लेकीशी बोलत होती, "काकूंना भेटायचंच होतं गं. वीस दिवस धीर करतेय. त्यांच्या कामात व्यत्यय नको म्हणून..." पुढचं नळाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

बाहेर आले तर उंबऱ्याशी एक रिकामी डबी. "तुझ्यासाठी ठेवून गेली," लेक म्हणाली. रिकामी डबी कोणी कोणाला देतं का? वीस दिवसांची कमाई आहे ती तिची. मी त्यात नावाड्याच्या शर्टाची बटणं टाकली.

आता सगळं पहिल्यासारखं होईल.

१ मार्च

आज सहा.

साहेब स्वतः जीपने आले. हातात नकाशा होता. नदीच्या वळणावरून चौपदरी रस्ता जाणार, त्याचा भराव काठावर, आणि पुलाचा पहिला खांब पंपघराच्या जागी. पंपघर पाडणार, मोरी बुजवणार.

"असं कसं साहेब? इथे पाणमांजरं आहेत."

"होती," साहेब म्हणाले. "पाहणी त्याचसाठी तर होती. हा अहवाल." त्यांनी बोट ठेवलं तिथे मी वाचलं. 'वीस दिवसांच्या पाहणीत पाणमांजराच्या अस्तित्वाचा एकही पुरावा आढळला नाही.' खाली डबीवालीची सही.

मला वाटलं होतं, तिला कुठल्यातरी पदवीसाठी डब्या भरायच्या आहेत. पाहणी रस्त्यासाठी आहे हे मला कोणी सांगितलं नाही. आणि मी कोणाला विचारलं नाही.

साहेब गेल्यावर मी पायरीवरच बसून राहिले. तिच्या नाकावर टिच्चून मी वीस दिवस खडक धुतले. तिचा एकही रकाना भरू दिला नाही. आणि आता त्या रिकाम्या रकान्यांवरून रस्ता जाणार.

४ मार्च

आज एक.

माती तपासणारं यंत्र आलं. वळणावर जमिनीत भोकं पाडतात. चौकीतली भांडी दिवसभर थरथरतात.

६ मार्च

आज शून्य.

मी सोमवारपासून पुसणं बंद केलं होतं, काहीतरी राहावं म्हणून; जे राहिलं तेही यंत्राच्या चिखलपाण्याने वाहून गेलं. आता पुसायलाच काही येत नाही.

७ मार्च

शून्य.

नावाड्याला सगळं सांगितलं. संध्याकाळचा चौथा खडकसुद्धा. तो जाळं विणत होता, हात थांबवले नाहीत.

"सकाळचं मला माहीत होतं," म्हणाला. "मला वाटायचं, उद्या तरी एखादा खडक ठेवेल ही. रोज होडीतून बघायचो."

"मग तिला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुझी चूक तेवढी दिसली असती. तू स्वतः सांगितलंस तर तुझं काम दिसलं असतं. मला काम दिसायला हवं होतं."

"आणि निळा शर्ट?"

आता मात्र हात थांबले. माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी परक्या भाषेत बोलतेय. "बटणं, अगं," म्हणाला. "अजूनही तुटलेलीच आहेत."

मग मी पेटी उघडली, ऑफिसात वह्या न्यायच्या म्हणून. सातवी वही पिशवीतून काढली तेव्हा तळाशी एक चिठ्ठी होती. अक्षर बारीक, तारीख १२ फेब्रुवारी. 'काकू, दादांनी वही दिली, पण तुम्ही दिलेली नाही म्हणून उघडत नाही. तुम्ही स्वतः दाखवलीत तर फार मोठी मदत होईल. मला इथे काही सापडत नाहीये आणि मला भीती वाटतेय.'

चोवीस दिवस ती चिठ्ठी माझ्याच कुलपात होती. आपलाच दगड आणि आपलाच पाय.

१० मार्च

शून्य.

पंधरा वह्या पिशवीत घालून ऑफिसात गेले. साहेबांनी चाळल्या. त्यांना त्या वाचताना मी पहिल्यांदाच पाहिलं. रस्त्याचे इंजिनिअर तिथेच होते. माणूस उद्धट नाही, हिशेबी आहे. म्हणाले, "बाई, शेवटची वही गेल्या वर्षीची. गेल्या वर्षी पाणमांजरं होती हे मी मान्य करतो. या फेब्रुवारीचं काय?"

"या फेब्रुवारीत रोज पाच ते सात ठिकाणं होती. मी पुसत होते."

"आणि समोर पाहणी चालू असताना वीस दिवस एका शब्दाने बोलला नाहीत? आता रस्ता आल्यावर आठवलं?" ते हसले नाहीत, हेच जास्त लागलं. "अठराला सुनावणी आहे. त्या दिवसांतला लेखी पुरावा असेल तर आणा."

बाहेर येऊन मी डबीवालीला फोन लावला. नंबर लेकीकडे होता, अर्थात. मी दोन वाक्यांत सांगितलं. 

ती म्हणाली, "मला धड झोप नाही काकू, हा अहवाल दिल्यापासून." चिडली नाही. चिडली असती तर सोपं गेलं असतं. "अहवाल मी बदलून मागू शकते, पण त्या दिवसांतलं काहीतरी हवं. तुम्ही आकडा रोज कुठे लिहिता?"

मी म्हटलं, बघते.

१३ मार्च

शून्य.

आकडा मी इथे लिहिते. या वहीत.

तीन दिवस कात्री घेऊन बसतेय. आकडे तेवढे कापून द्यावेत म्हटलं, तर मागच्या बाजूला निळा शर्ट येतो. बारा तारखेचं पान फाडावं तर आकडाही जातो. आणि अठराचं पान... नुसता सकाळचा 'सहा' कापला तरी चालेल. पण चिंध्या घेऊन गेले तर इंजिनिअर म्हणणार, कालच लिहिल्यात. वही सलग असेल तरच खरी दिसेल, आणि त्यात आकड्यांपेक्षा जास्त तर माझी जळफळच आहे. कोणी मुद्दाम रचून लिहायला बसला तर स्वतःला इतकं वाईट लिहीलच कशाला?

लेक म्हणाली, "आई, देऊ नकोस. लोक हसतील तुला." तिने वही वाचलेली नाही, तरी तिला माहीत आहे.

१७ मार्च

शून्य. पण मोरीच्या तोंडाशी पाण्यावर बुडबुड्यांची एक रेघ दिसली. मासा असू शकतो.

उद्या ही वही देणार. जो कोणी वाचेल त्याने माझ्या नवऱ्याबद्दल यात जे लिहिलंय ते खोटं समजावं. आकडे खरे आहेत. बाकी माझ्याबद्दलचंही खरं आहे.

बटणं लावली.

(नवी वही)

२० मार्च

दोन दिवस हाताला वही नव्हती तर हात रिकामेच वाटत होते.

सुनावणी शाळेच्या सभागृहात झाली. समितीचे तीन जण, समोर दीड-दोनशे माणसं. अध्यक्षांनी वही चाळली, मग मला परत दिली आणि म्हणाले, "चार ते तेवीस फेब्रुवारी, तुम्हीच वाचा. ज्याने लिहिलंय त्याच्या तोंडून ऐकू दे."

मला वाटलं होतं, ते मनात वाचतील.

वाचलं. काकू आणि दादाला लोक हसले, पुतण्याला तर फारच. मागच्या रांगेत नावाडी बसला होता, शर्ट रोजचा. 'मी काय दूधखुळी आहे' वाचलं तेव्हा त्याने मान खाली घातली, आणि 'बरं वाटलं' वाचलं तेव्हा लेक उठून बाहेर गेली. अठरा फेब्रुवारीच्या पानापर्यंत आले तोवर कोणी हसेनासं झालं होतं.

इंजिनिअरनी एकच विचारलं. "हे सगळं करण्याचं कारण?"

"कारण मला हिचा हेवा वाटत होता," मी म्हटलं. डबीवाली पहिल्या रांगेत होती. "नवऱ्यावरून वाटला, लेकीवरून वाटला, पण खरा वाटला तो कामावरून. सोळा वर्षं माझा आकडा कोणी विचारला नाही. हिच्या रिकाम्या डबीलाही अहवालात जागा मिळाली."

इंजिनिअर खाली बसले.

निकाल असा. यंत्र चार महिने बंद. पाहणी नव्याने, डबीवालीकडूनच, आणि या खेपेला तिचा मुक्काम चौकीतच. रस्त्याचं पुढचं त्यानंतर. आणि माझ्यासाठी वेगळा कागद. पाहणीत अडथळा आणल्याबद्दल चौकशी, तोवर खडकांना हात लावायचा नाही, आणि एक जूनपासून बदली शहरातल्या ऑफिसात, टेबलावर. खराटा जमा करायचा. साहेबांनी पावती दिली, 'खराटा, नग एक, वापरलेला'.

घरी येताना होडी नावाडीच वल्हवत होता. काठाला लागल्यावर उतरायला हात दिला आणि म्हणाला, "ती मला दादा म्हणते, कारण तिचा दादा नावाडीच होता. पुरात गेला. हे मी तुला तिसऱ्याच दिवशी सांगणार होतो. तू ऐकून घेत नव्हतीस."

५ एप्रिल

शून्य. डबीवाली पहाटे साडेपाचला तयार असते. माझ्याही आधी.

१९ एप्रिल

शून्य. पुराच्या वर्षी सतरा दिवस होते. आता दीड महिना झाला. डबीवाली सातवी वही रोज थोडी थोडी वाचते. मी दिली.

२ मे

आज एक.

आम्ही दोघी काठाने चाललो होतो, मी नियमाप्रमाणे चार पावलं मागे. चौथ्या खडकापाशी ती थबकली आणि गुडघ्यांवर बसली. मला काही दिसेना. सोळा वर्षं ज्या खडकाची भेगन्‌भेग मला पाठ आहे, तिथे मला दिसेना आणि तिला दिसली. एवढीशी, करंगळीच्या पेरापेक्षा लहान, एकच खवला चमकत होता.

"पिल्लाची आहे काकू," ती कुजबुजली. "पिल्लू स्वतः मासा खातंय." आणि रडायला लागली. मी पण.

तिने कमरेला हात घातला तर पट्टा चौकीतच राहिलेला. माझ्याकडे बघितलं. मी ओच्यातून ती उंबऱ्यावरची डबी काढली. आत जास्तीची दोन-तीन बटणं उरली होती ती मुठीत घेतली आणि डबी पुढे केली. हात तिनेच लावला, मी नाही.

मला हेवा वाटला. आधी तिला दिसली याचा. लिहून ठेवते, कारण आता माझी वही कोण कधी वाचेल याचा भरवसा नाही.

३१ मे

आज चार. तीन मोठ्या, एक लहान.

उद्या सातची बस. नावाडी इथेच राहणार, होडी आहे. लेक सुट्टीभर डबीवालीच्या हाताखाली काम करणार. सगळी माझी माणसं आणि सगळे माझे खडक तिच्याजवळ ठेवून मी टेबलावर बसायला जातेय. कोणी म्हणेल मला शिक्षा छोटी झाली, तर त्याने एकदा हे करून बघावं.

किल्ली दिली. ती म्हणाली, "काकू, रोजचा आकडा मी तुम्हाला संध्याकाळी फोन करून सांगत जाईन."

"संध्याकाळी नको," मी म्हटलं. "सहालाच सांग. मी जागीच असते."